मोआई: खाणीपासून चौथऱ्यापर्यंत

(दृश्य: रानो राराकूचा उतार, सकाळ)

हा रानो राराकू, रापा नुई बेटावरचा एक विझलेला ज्वालामुखी. त्याच्या उतारावर गळ्यापर्यंत मातीत गेलेले हे दगडी चेहरे तुम्ही फोटोंत अनेकदा पाहिले असतील. पुष्कळांचा समज असा, की या नुसत्या मुंडक्यांच्याच मूर्ती आहेत. तसं नाही. वरून शतकानुशतकं वाहत आलेल्या मातीने त्यांना गाडून टाकलंय. पुरातत्त्वज्ञांनी ती माती बाजूला केली, तेव्हा खाली अख्खं धड निघालं, पोटाशी टेकलेले लांबसडक बोटांचे हात निघाले आणि पाठीवरचं कोरीवकामही उघडं पडलं.

(दृश्य: नकाशा)

चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरहून दूर, प्रशांत महासागरात हे बेट आहे. जवळची मनुष्यवस्ती म्हणजे पिटकेर्न बेट, तेही सुमारे २,००० किलोमीटरवर. बेटाचं क्षेत्रफळ १६४ चौरस किलोमीटरच्या आसपास. याकोब रोगेव्हेन हा डच दर्यावर्दी ५ एप्रिल १७२२ रोजी इथे पोहोचला. तो ईस्टरचा रविवार होता, म्हणून युरोपीय नकाशांवर या बेटाचं नाव ईस्टर आयलंड पडलं. इथले लोक मात्र त्याला रापा नुई म्हणतात.

त्यांचे पूर्वज पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवर पसरलेले दर्यावर्दी लोक. साधारण इ. स. १२०० च्या सुमारास ते जोडहोड्यांतून इथवर आले. होतू मातुआ हा त्यांचा पहिला राजा अनाकेनाच्या पुळणीवर उतरला, अशी परंपरागत कथा आहे. पुढच्या काही शतकांत या लोकांनी आपल्या पूर्वजांच्या नऊशेहून अधिक मूर्ती घडवल्या. त्यांनाच मोआई म्हणतात.

(दृश्य: खाणीतली अर्धवट मूर्ती, जवळून)

आता खाणीत येऊ. बेटावरच्या बहुतेक सगळ्या मोआई इथेच घडल्या आणि जवळपास ४०० मूर्ती अजून इथेच आहेत. कुणाचं नुसतं नाक आणि कपाळ कातळातून वर आलंय, कुणी पूर्ण होऊनही आडवी पडलीय. काम जिथे थांबलं तिथेच थांबलेलं असल्यामुळे घडवण्याची प्रत्येक पायरी इथे डोळ्यांनी पाहता येते.

हा दगड म्हणजे ज्वालामुखीची राख दाबली जाऊन घट्ट झालेला खडक. त्याला टफ म्हणतात. तो तुलनेने मऊ, पण मध्येच कठीण खडे लागतात. लोखंड या लोकांकडे नव्हतंच. त्यांचं हत्यार म्हणजे टोकी, हातात मावणारा, टोकाला निमुळता केलेला बेसॉल्टचा दगड. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे, त्याच जातीचा. टोकीचा घाव घालायचा, भुगा झाडायचा, पुन्हा घाव घालायचा. बोथट झालेल्या आणि फुटलेल्या टोकी खाणीत जागोजागी पडलेल्या सापडल्या. हा कोपरा नीट पाहा. कातळाच्या भिंतीवर जे बारीक बारीक खळगे ओळीने दिसतायत, ते त्या घावांचेच आहेत.

मूर्ती उताणी घडवली जायची. आधी चेहरा, छाती, हात. मग दोन्ही बाजूंनी चर खणत पाठीकडे जायचं. कारागिराला जेमतेम उभं राहता येईल एवढाच तो चर असे. शेवटी मूर्ती पाठीखालच्या एका अरुंद दगडी कण्यावर तोललेली राही. हा कणा तोडणं हे मोठ्या जोखमीचं काम. अनेक महिन्यांची मेहनत त्या क्षणी तडकू शकत होती, आणि तडे गेलेल्या, सोडून दिलेल्या मूर्ती खाणीत आहेत.

१९५५-५६ मध्ये नॉर्वेचा थोर हेयरदाल मोहीम घेऊन आला, तेव्हा बेटावरच्या माणसांनी टोकी हातात घेऊन त्याला काम करून दाखवलं. दगडावर मधूनमधून पाणी शिंपडत त्यांनी तीन दिवसांत एका मूर्तीची बाह्याकृती कातळात उतरवली.

इथली सगळ्यात मोठी मूर्ती खाणीतून कधी सुटलीच नाही. ती सुमारे २१ मीटर लांब आहे. चौथऱ्यावर उभ्या केलेल्या मूर्तींमध्ये सर्वांत मोठी पारो, जवळपास १० मीटर उंच आणि ८० टनांच्या घरात. सर्वसाधारण मोआई मात्र चार मीटरची आणि बारा-तेरा टनांची.

कणा तुटला की दोरखंडांनी आवरत मूर्ती उतारावरून खाली आणायची आणि पायथ्याशी खणलेल्या खड्ड्यात उभी करायची. पाठ राहिलेली असायची, ती इथे तासून घेत. सुरुवातीला पाहिलेले ते गळ्यापर्यंत गाडलेले चेहरे अशाच खड्ड्यांतले आहेत.

(दृश्य: जुनी वाट, पालथी पडलेली मूर्ती)

आणि मग तो प्रश्न, ज्यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. ही धुडं कित्येक किलोमीटर दूर नेली कशी? मोआई चालत गेल्या, असं रापा नुईचे लोक सांगत आले. बाहेरच्यांनी ती भाबडी समजूत मानली. कुणी ओंडक्यांवरून ओढल्याचं सुचवलं, कुणी लाकडी घसरगाड्यांचं. कुणी तर परग्रहवासीयांना आणलं. या शेवटच्या गोष्टीचा मनस्वी राग येतो. इतक्या पिढ्यांनी हाताला घट्टे पाडून केलेलं काम, आणि श्रेय कुणा आकाशातल्या पाहुण्याला!

वाटेत पडून राहिलेल्या मूर्तींमध्ये मात्र काही खुणा आहेत. त्यांचा तळ रुंद आहे आणि पुढच्या बाजूला असा तासलेला, की उभी केली तर मूर्ती पुढे झुकावी. उताराकडे तोंड असलेल्या बऱ्याच मूर्ती पालथ्या पडल्यात, चढाकडे तोंड असलेल्या उताण्या. टेरी हंट आणि कार्ल लिपो या संशोधकांनी याच खुणांवरून सुमारे साडेचार टनांची प्रतिकृती बनवली आणि हवाईत प्रयोग केला. डोक्याला तीन दोर बांधले: दोन बाजूंना एकेक, तिसरा मागे, तोल धरायला. घरातलं लोखंडी कपाट आपण या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर तोलत सरकवतो, तसंच हेही. डावीकडचे ओढणार, मूर्ती एका कडेवर येणार, अर्धवट वळून पाऊल टाकणार. मग उजवीकडचे ओढणार. अठरा माणसांनी ती चाळीस मिनिटांत शंभर मीटर चालवली.

सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. मूर्ती आडवी घालून लाकडांवरून ओढली असावी, असं मानणारेही आहेत, आणि फार मोठ्या मूर्तींच्या बाबतीत त्यांचा मुद्दा सहज झटकून टाकता येत नाही. पण बेटावरच्या लोकांचं म्हणणं निव्वळ कल्पना नव्हतं, एवढं या प्रयोगाने नक्की दाखवलं.

(दृश्य: आहू, समुद्रकिनारा)

प्रवास संपायचा तो आहूवर, म्हणजे दगडी चौथऱ्यावर. बहुतेक आहू किनाऱ्यालगत आहेत, पण मूर्तींची पाठ समुद्राकडे आणि तोंड वस्तीकडे. पूर्वजांनी आपल्या माणसांवर नजर ठेवायची होती.

ती नजरही इथेच यायची. खाणीतल्या आणि वाटेवरच्या मूर्तींना डोळ्यांच्या खोबण्या नाहीत. मूर्ती जागेवर उभी राहिल्यावरच खोबण्या कोरायच्या आणि त्यांत पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसवायचे, मध्ये लाल दगडाचं किंवा काळ्या ऑब्सिडियनचं, म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचं, बुबुळ. १९७८ मध्ये अनाकेनाला अशा एका डोळ्याचे तुकडे सापडले, तोवर या रिकाम्या खोबण्यांचं प्रयोजन कुणाला नीट कळलं नव्हतं. डोळे बसले की पूर्वजाचं मना, म्हणजे दैवी सामर्थ्य, मूर्तीतून काम करू लागतं, अशी श्रद्धा होती. काही मूर्तींच्या डोक्यावर पुना पाऊच्या खाणीतला लाल दगडाचा पुकाओही चढला. ते काही टनांचं शिरोभूषण.

(दृश्य: टोंगारिकी)

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आहूंवरच्या सगळ्या मोआई पाडल्या गेल्या होत्या. त्यापेक्षा मोठा घाव माणसांवर पडला. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी हजाराहून अधिक लोक पळवून नेले. मोजके परतले, त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली. मूर्ती कशा घडवायच्या, कशा न्यायच्या, हे जाणणाऱ्यांची परंपरा अशी तुटली. मोआई गूढ वाटतात, त्यामागे हाही इतिहास आहे.

आज टोंगारिकीला पंधरा मोआई ओळीने उभ्या आहेत. १९६० च्या भूकंपानंतरच्या त्सुनामीने त्या किनाऱ्यापासून आत, जमिनीकडे दूरवर फेकल्या होत्या. १९९० च्या दशकात जपानहून आलेल्या क्रेनने त्या पुन्हा चौथऱ्यावर चढवल्या.

होआ हाकानानाईआ ही बेसॉल्टची मूर्ती मात्र १८६८ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने उचलून नेली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१८ मध्ये रापा नुईचं शिष्टमंडळ ती परत मागायला तिथे गेलं. बदल्यात तशीच मूर्ती घडवून द्यायची तयारी बेटावरच्या एका मूर्तिकाराने दाखवली. म्युझियमने मूर्ती अजून परत केलेली नाही.