खंडेराव मार्केट : बडोद्याची राजवाड्यासारखी मंडई

नमस्कार. माझ्या मागे घुमटांची आणि छत्र्यांची जी लांबलचक इमारत दिसते आहे, ती पाहून बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो की हा गायकवाडांचा कोणता राजवाडा. हा राजवाडा नाही, आणि कधी नव्हताही. भाजी, फळे आणि फुले विकण्यासाठी १९०६ मध्ये उभी राहिलेली ही मंडई आहे, तिचे नाव खंडेराव मार्केट, आणि आज तिच्या दर्शनी भागात वडोदरा महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात गणपतीच्या आदल्या दिवशी कोणी 'मार्केटला जाऊन येतो' असे म्हणाले, तर तो माणूस घरपट्टी भरायला नव्हे, फुले आणायला निघाला आहे, हे सर्वांना कळते.

नावापासून सुरुवात करू, कारण या इमारतीची अर्धी कथा तिच्या नावात आहे. ही मंडई महाराजा सयाजीराव तिसरे यांनी बांधली. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली होती, म्हणजे १९०६ मध्ये त्यांच्या कारभाराला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती, आणि त्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ही वास्तू शहराला मिळाली. अशा प्रसंगी राजे स्वतःचे नाव कोरून घेतात. सयाजीरावांनी मात्र खंडेरावांचे नाव दिले. खंडेराव महाराजांनी १८५६ ते १८७० या काळात राज्य केले आणि मुलगा नसताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले, पण त्यांची कारकीर्द इतकी वादग्रस्त ठरली की इंग्रज सरकारने १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केले. त्यानंतर खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, आणि तोच पुढे सयाजीराव म्हणून ओळखला गेला. ज्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी आपण त्यांचे पुत्र झालो, त्या पित्याचे नाव सयाजीरावांनी शहरातल्या गजबजलेल्या जागी लावले. यात कृतज्ञता होतीच, पण गादीवरचा आपला हक्क कोणाकडून आला आहे याचे जाहीर स्मरणही होते, असे मला वाटते.

खंडेराव म्हटले की लोकांना प्रथम मोत्यांचा गालिचा आठवतो. त्यांनी बसऱ्याच्या मोत्यांचा करवून घेतलेला तो गालिचा २००९ मध्ये दोहा येथील लिलावात सुमारे पंचावन्न लाख डॉलरना विकला गेला, त्यामुळे अलीकडे ही आठवण अधिकच ताजी झाली आहे. मंडईला त्यांचे नाव शोभते ते मात्र दुसऱ्या कारणाने. डभोई ते मियागाम हा सुमारे वीस मैलांचा नॅरोगेज रेल्वेमार्ग १८६२ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. भारतातला हा पहिला नॅरोगेज मार्ग, आणि त्यावरचे डबे सुरुवातीला चक्क बैल ओढत असत. पुढे इंजिने आली, तरी बैलांना लगेच सुट्टी मिळाली नाही. रत्नांचा शौक असलेल्या या राजाने आपल्या मुलुखातला माल मुख्य रेल्वेपर्यंत पोहोचविण्याची सोय केली, ही गोष्ट गालिच्याच्या झगमगाटात मागे पडते.

आता खर्चाकडे पाहू. या मंडईवर सुमारे पाच लाख रुपये खर्च झाले. आजच्या हिशेबाने या रकमेचा अंदाज येत नाही, म्हणून त्याच काळातली एक तुलना देतो. २० जुलै १९०८ रोजी याच शहरात सयाजीरावांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, तेव्हा तिचे भांडवल दहा लाख रुपये होते. म्हणजे एका नव्या बँकेसाठी जेवढे भांडवल उभारले गेले, त्याच्या निम्मी रक्कम भाजी-फुलांच्या बाजारावर खर्च झाली होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बांधून झाल्यावर ही वास्तू दरबाराने स्वतःकडे न ठेवता नगरपालिकेला भेट दिली. रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून चालणारा बाजार आणि नगरपालिकेची मंडई यांत फरक असतो तो केवळ छपराचा नसतो. मंडईत फरसबंदी असते, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय असते, विक्रेत्याची जागा ठरलेली असते, आणि त्या जागेचे भाडे हे नगरपालिकेचे हक्काचे उत्पन्न असते. शहराला नुसती शोभेची वास्तू न देता कमावती वास्तू देणे, हा सयाजीरावांच्या कारभाराचाच एक नमुना मानावा लागेल. ज्या १९०६ मध्ये त्यांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण संपूर्ण राज्यात लागू केले, त्याच वर्षातली ही मंडई आहे.

बांधणी इंडो-सारासेनिक म्हणतात त्या पद्धतीची आहे, म्हणजे कमानी, छत्र्या, घुमट आणि झरोके यांची देशी भाषा आणि आराखड्याची शिस्त युरोपीय. याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही, लक्ष्मी विलास राजवाडा येथून जवळच आहे आणि दोन्ही इमारती एकाच दिवशी पाहिल्या की नाते आपोआप ध्यानात येते. मात्र येथे सगळा डौल रस्त्याकडच्या बाजूला आहे, आणि प्रत्यक्ष खरेदीविक्री मागच्या आवारात चालते.

बडोद्याला मंडईच्या इमारतीतून दुसरेच काही निष्पन्न होण्याचा अनुभव आधीही आला होता. सुरसागर तलावाजवळची १८९६ ची वास्तू मुळात मंडई म्हणून योजलेली होती, पण तिला सयाजीरावांच्या दिवंगत पत्नी महाराणी चिमणाबाई यांचे नाव मिळाले, तेथे न्यायालय बसले, आणि ती न्यायमंदिर म्हणून प्रसिद्ध झाली. तिथली भाजी कायमची गेली. खंडेराव मार्केटमध्ये तसे झाले नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९५० मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, कारभार वाढला, कचेऱ्या वाढल्या, आणि दर्शनी इमारत पालिकेच्या कामकाजाची झाली, परंतु बाजार आवारातून हलला नाही. कार्यालयाने मंडई गिळली अशी तक्रार करणारेही आहेत. मला ती पूर्णपणे पटत नाही, कारण वास्तू पहिल्यापासून पालिकेचीच होती, आणि न्यायालय २०१८ मध्ये दिवाळीपुऱ्यातील नव्या संकुलात गेल्यावर न्यायमंदिराचे पुढे काय करायचे हा प्रश्न जसा शहरापुढे उभा राहिला, तसा तो येथे उद्भवलेला नाही.

आपण बडोद्याला आलात तर येथे सकाळी या, आणि शक्यतो दसऱ्याच्या किंवा दिवाळीच्या आधीचा दिवस निवडा. समोरून छायाचित्र काढून परत फिरू नका, मागच्या आवारात शिरा. झेंडूचा भाव विचारा, घासाघीस गुजरातीत करा, आणि मग फुलवाल्यांच्या बाजूने इमारतीकडे पाहा.