भट्टीत टाकलेला हिरा

श्रोतेहो, नमस्कार.

लग्न ठरतं, अंगठीचा विषय निघतो आणि बघता बघता घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हिरा म्हणजे खाणीतलाच, बाकी सगळं खोटं. दुसरा म्हणतो, दिसायला तसंच आहे ना, मग उगाच एवढा खर्च कशाला? आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या पक्षाशी. प्रयोगशाळेत तयार होणारे खडे, आणि त्यांतला कुठला अंगठीत बसवावा, हा आपला विषय.

एक गोष्ट आधीच सांगतो, आणि बोलता बोलता ती पुन्हाही सांगणार आहे. अंगठीला आधी टणकपणा बघायचा, मग चकाकी. कानातले डूल हवेत झुलत असतात, त्यांना कुणाचा धक्का लागत नाही. अंगठी मात्र दाराच्या कडीला लागते, बादलीला लागते, नळाला लागते, भिंतीला घासते. रोज, आणि वर्षानुवर्षं. म्हणून आधी टणकपणा, मग चकाकी.

आता उमेदवार कोण कोण? पहिला, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा. त्याला पर्याय म्हणणं खरं तर चूक, कारण तो हिराच आहे. तोच कार्बन, तीच रचना, तोच टणकपणा. तो दोन रीतींनी तयार होतो. एक म्हणजे प्रचंड दाब आणि १३०० ते १६०० अंश सेल्सिअस तापमान. दुसरी रीत म्हणजे मिथेन आणि हायड्रोजन यांचं मिश्रण तापवून, हिऱ्याच्या पातळ कापावर दव साचावं तसा कार्बनचा थरावर थर चढवत नेणं. दुसरा उमेदवार क्युबिक झिर्कोनिया, म्हणजे आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो तो. मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात तो मोठ्या प्रमाणावर बनवण्याची युक्ती काढली. रंगहीन सफायरही मिळतो. तो चांगला टणक, पण त्याचं तेज पाणचट, आणि मंद उजेडात तर काचेसारखाच दिसतो. त्याच्यावर मी जास्त वेळ घालवणार नाही.

आणि उरला मॉइसनाइट. याच्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण याच्यामागे एक गोष्ट आहे.

काळ १८९३ चा. पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. फ्लुओरीन हा वायू इतका आक्रमक की त्याला वेगळं काढण्याच्या नादात आधीच्या काही संशोधकांनी तब्येतीची वाट लावून घेतली, काहींनी जीवही गमावला. म्वासाँनी तो १८८६ मध्ये वेगळा काढून दाखवला. असा माणूस आता हिरा बनवायच्या मागे लागला.

त्यांच्या डोक्यात ही कल्पना आली ती एका उल्केमुळे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन डियाब्लो या जागी लोखंडी उल्केचे तुकडे सापडले होते, आणि त्यांत बारीक हिरे निघाले होते. म्वासाँनी विचार केला, लोखंड, कार्बन आणि दाब ही तिन्ही एकत्र आली की हिरा. मग आपणही तेच करू!

त्यासाठी त्यांची विजेची भट्टी तयारच होती. चुन्याचे दोन ठोकळे एकावर एक, मध्ये कोरलेली पोकळी, आणि दोन बाजूंनी आत सरकवलेल्या कार्बनच्या जाड कांड्या. प्रवाह सोडला की कांड्यांच्या टोकांमध्ये डोळे दिपवणारी कमान पेटायची आणि आतलं तापमान ३००० अंशांच्या वर जायचं. त्यात मूस ठेवायची, मुशीत लोखंड, आणि लोखंडात साखर जाळून केलेला शुद्ध कोळसा. सगळं वितळून एकजीव झालं की ती पांढरी तापलेली मूस चिमट्यात धरायची आणि थेट गार पाण्यात बुडवायची. कल्पना करा श्रोतेहो, काय फुत्कार उठत असेल! बाहेरचं लोखंड क्षणात आकसून घट्ट होणार, आतलं अजून वितळलेलं, आणि ते थिजताना आतल्या आत दाब वाढणार, असा हिशोब.

पुढचं काम कंटाळवाणं. लोखंडाचा गोळा आम्लात विरघळवायचा. मग दुसऱ्या आम्लात. मग पुन्हा. शेवटी भांड्याच्या तळाशी चिमूटभर गाळ उरायचा, आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. असं किती वेळा करायचं? हाती काही लागेपर्यंत. आणि एके दिवशी हाती लागलं! त्या गाळात बारीक, पारदर्शक, टणक कण होते. म्वासाँनी जाहीर केलं, हिरा बनला. जगभर डंका वाजला.

पण इतरांना ते जमेना. इंग्लंडचे चार्ल्स पार्सन्स, वाफेच्या टर्बाइनचे जनक, यांनी कित्येक वर्षं तेच प्रयोग करून पाहिले आणि अखेर निष्कर्ष काढला की आजवर कुणीच हिरा बनवलेला नाही.

मग म्वासाँच्या भट्टीत तो आला कुठून? सांगतात ते असं. म्वासाँ वारल्यानंतर त्यांच्या पत्नीने सांगितलं की भट्टी, पाणी, आम्ल, भट्टी, पाणी, आम्ल, या रगाड्याला कंटाळलेल्या एका मदतनिसानं एकदा गुपचूप खाणीतल्या हिऱ्याचा कण मिश्रणात टाकला. साहेब खूश होतील आणि आपली सुटका होईल, एवढाच त्याचा हेतू! ही गोष्ट शंभर टक्के खरी असेल असं नाही, पण ती पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. त्या मदतनिसाची मला फार दया येते. वरिष्ठांना हवं ते उत्तर काढून देणारी माणसं आजही कुठल्याही कचेरीत सापडतील, आणि दोष नेहमी त्यांच्याच माथी येतो. ‘हवं ते’ मागणाऱ्याला कुणी विचारत नाही.

गंमत पुढेच आहे. याच म्वासाँना त्या उल्केत आणखी काही स्फटिक सापडले होते. सुरुवातीला त्यांना वाटलं, हेही हिरेच. १९०४ मध्ये उलगडा झाला की तो हिरा नव्हे, सिलिकॉन कार्बाइड. दुसऱ्याच वर्षी रत्नतज्ज्ञ जॉर्ज कुन्झ यांनी त्या खनिजाला म्वासाँचं नाव दिलं, मॉइसनाइट. म्हणजे जन्मभर हिऱ्याचा पाठलाग केला त्या माणसाचं नाव लागलं ते हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच खड्याला. आणि आज साखरपुड्याच्या अंगठीत तोच खडा बसतो!

म्वासाँना १९०६ चं नोबेल मिळालं, फ्लुओरीनसाठी आणि त्या भट्टीसाठी. इथे मला एक विषयांतर करू द्या. त्या वर्षी मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे मेंडेलीव्ह यांचंही नाव पुढे होतं. त्यांना ते मिळालं नाही. पुढच्या फेब्रुवारीत, १९०७ मध्ये, २ तारखेला मेंडेलीव्ह गेले आणि २० तारखेला म्वासाँ. म्वासाँ मोठेच, पण आवर्तसारणीला डावलणाऱ्या समितीबद्दल माझ्या मनात कायमची अढी आहे. असो.

या गोष्टीचं शेपूट अजून बाकी आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५४ मध्ये हिरे बनले, आणि १९५५ मध्ये कंपनीने ते जाहीर केलं. त्यांत तिथले शास्त्रज्ञ ट्रेसी हॉल यांचे हिरे अस्सल कृत्रिम होते. पण त्याच प्रयोगशाळेतला त्यांच्याही आधीचा एक ‘पहिला हिरा’ १९९३ मध्ये पुन्हा तपासला, तेव्हा तो निघाला खाणीतल्या हिऱ्याचा तुकडा! तोही प्रयोगात घातलेला, नंतर नवा म्हणून मोजलेला. म्वासाँचा मदतनीस वर बसून हसला असेल.

चला, आता अंगठीकडे.

टणकपणा मोजायच्या मोह्सच्या श्रेणीत हिरा १०, मॉइसनाइट सव्वानऊ, सफायर ९ आणि अमेरिकन डायमंड ८ ते साडेआठ. आकडे जवळजवळ वाटतात, पण रोजच्या वापरात फरक कळतो. काही वर्षांनी अमेरिकन डायमंडच्या पैलूंच्या कडा झिजून गोलसर होतात, चरे येतात, आणि खडा मंद दिसतो. मॉइसनाइटच्या कडा टिकतात. म्हणून पुन्हा सांगतो, आधी टणकपणा, मग चकाकी.

चकाकी म्हणाल, तर मॉइसनाइट हिऱ्यापेक्षा जास्तच चमकतो. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, २.४२ च्या आसपास, याचा २.६५ च्या पुढे. प्रकाश फाकवून रंग उधळण्याची ताकद तर हिऱ्याच्या दुपटीहून अधिक. काहींना ही इंद्रधनुषी लखलख भडक वाटते, काहींना तीच आवडते. त्यामुळे खडा बघायचा तो दिव्याखाली नाही. दुकानातल्या त्या झगझगीत दिव्यांखाली काचही हिरा होते. खडा खिडकीपाशी न्या, सावलीत न्या, हातात फिरवा. आणि माझं मत विचाराल तर त्या दिव्यांवर बंदीच हवी, कपड्यांच्या दुकानांतसुद्धा.

ओळखायचं कसं? तोंडाची वाफ मारून बघतात ती परीक्षा मॉइसनाइटपुढे चालत नाही. हिऱ्यासारखाच तोही उष्णता पटकन वाहून नेतो, वाफ लगेच उडते. उष्णता मोजणारं ते पेनासारखं यंत्रसुद्धा त्याला हिरा समजतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खडा जरा तिरका धरा आणि वरच्या पैलूतून आत खालच्या पैलूंच्या कडा बघा. मॉइसनाइट असेल तर एकेक कड दोन समांतर रेघा होऊन दिसते. हिऱ्यात एकच रेघ. समोरून बघितलं तर हे दिसत नाही, म्हणून तिरकं धरायचं. आणि खाणीतला हिरा की प्रयोगशाळेतला, हे मात्र भिंगानंही सांगता येत नाही. त्याला प्रयोगशाळेची यंत्रंच लागतात. तेव्हा अहवाल बघा, आणि खड्याच्या कडेच्या पट्ट्यावर लेसरनं कोरलेला क्रमांक असेल तर तो अहवालाशी ताडून बघा.

घेताना वजनावर जाऊ नका, मिलिमीटर विचारा. साडेसहा मिलिमीटरचा गोल हिरा साधारण एक कॅरटचा. त्याच मापाचा मॉइसनाइट थोडा हलका भरतो, आणि अमेरिकन डायमंड जवळपास पावणेदोन कॅरट. कॅरटनं मागितलात तर माप चुकणार. मिलिमीटर, लक्षात ठेवा, मिलिमीटर.

माझा कौल सांगतो. बजेट जेमतेम आणि अंगठी रोज घालायची, तर मॉइसनाइट. हिराच हवा असा हट्ट, पण खाणीतलाच हवा असं नाही, तर प्रयोगशाळेतला हिरा. आणि जे घ्याल त्याचं नाव बिलावर स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘डायमंड’ किंवा ‘स्टोन’ लिहिलेलं चालवून घेऊ नका.

अमेरिकन डायमंड घेऊच नये असं मात्र मी म्हणणार नाही. प्रवासात खरी अंगठी घरी ठेवून घालायला, किंवा थोडे पैसे साठेपर्यंत तो उत्तम. फक्त तो उंच पंजांत बसवू नका. चारही बाजूंनी धातूची कड येईल अशा कोंदणात बसवा, म्हणजे त्याच्या कडा वाचतात. माप नेहमीच्या आकारातलं घ्या आणि मिलिमीटर बिलावर लिहून ठेवा. चार वर्षांनी खडा मंद झाला की तेवढाच बदलून मिळतो, अंगठी तीच राहते.

नमस्कार.