छत्तर मंझिल ते छाया

[गोमतीचा काठ, महालाचा घुमट]

लखनौमध्ये गोमतीच्या काठावर उभी असलेली ही छत्तर मंझिल. घुमटावरच्या त्या सोनेरी छत्रीवरून तिला हे नाव पडलं. अवधच्या नवाबांच्या या महालात १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. या कमानींखाली काचेची चंबू-नळकांडी आली, बर्नर पेटले. स्वतंत्र होऊन चार वर्षंही न झालेला देश औषधं विकत घेण्यावर न थांबता स्वतः घडवायला बसला होता.

त्याच वर्षी डॉ. नित्या आनंद इथे रुजू झाले. पीएचडी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून, म्हणजे यूडीसीटीतून, पुढचं संशोधन केंब्रिजमध्ये. त्यांच्या गटाने हाती घेतलेला प्रश्न अवघड होता: स्टेरॉइड हार्मोन नसलेली गर्भनिरोधक गोळी बनवता येईल का?

[प्रयोगशाळा, गोल फिरणारा चंबू]

संस्था आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, जानकीपुरममध्ये आहे. रेणू घडवण्याची रीत मात्र तीच. अभिक्रिया लावायची, द्रावक उडवून लावायचा, टीएलसी प्लेट, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे करून दाखवणारी पट्टी, अतिनील दिव्याखाली धरायची. हा डाग पाहा. एकच ठिपका म्हणजे पदार्थ शुद्ध निघाल्याची पहिली खूण. मग रेणूच्या सांगाड्यावरचा अणूंचा एखादा गट बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

[फळ्यावर रेणूची आकृती]

हा क्रोमनचा, म्हणजे दोन जोडलेल्या वलयांचा सांगाडा. त्यावर शेजारी-शेजारी दोन फिनाइल वलयं, म्हणजे सहा कार्बनची वलयं, एक वर, एक खाली. ही मांडणी महत्त्वाची आहे. एका वलयाला जोडलेली ही लांब शेपटी, तिच्या टोकाला नायट्रोजन. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा रेणू इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीतल्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसतो. गर्भाशयात इस्ट्रोजेनचं काम अडतं आणि फलित बीज रुजत नाही. अंडाशयाचं चक्र मात्र बहुतांशी चालू राहतं. संस्थेच्या नोंदीत याचा क्रमांक ६७/२०. पुढे नाव पडलं सेंटक्रोमन.

पहिली परीक्षा उंदरांवर झाली. समागमानंतर मादीला औषध द्यायचं आणि गर्भ रुजला का ते तपासायचं. मग माकडं, मग स्त्रिया. वीसहून जास्त वर्षं गेली आणि १९९१ मध्ये सेंटक्रोमनची गोळी ‘सहेली’ नावाने बाजारात आली.

[आरोग्य उपकेंद्र, आशाताईंच्या हातातलं पाकीट]

महाराष्ट्रातल्या उपकेंद्रात आज तीच गोळी ‘छाया’ नावाने मोफत मिळते. आशाताई कॅलेंडरवर खुणा करून देत आहेत. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, वार ठरलेले. नंतर आठवड्याला एकच. औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, म्हणून रोजची आठवण ठेवावी लागत नाही. सासरच्या घरात, शेतावर, कामाच्या शिफ्टमध्ये राबणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी सोय आहे. ती सरकारी प्रयोगशाळेत, या देशाच्या पैशातून घडली, हे पाकीट हातात घेणाऱ्या प्रत्येकीला कळायला हवं.

काहींची पाळी सुरुवातीला लांबते. यकृताचा आजार किंवा अंडाशयात गाठी असतील तर ही गोळी चालत नाही, म्हणून आधी तपासणी होते. इथे सिस्टर तेच प्रश्न विचारत आहेत.