निळ्या कुरणातला कंद

हा कागद जवळून बघा. कडा पिवळ्या पडल्यात, मधे एक वाळकं रोप, फुलं निळी होती हे आता सांगावं लागतं. हे कॅमस, खाता येईल असा कंद येणारं उत्तर अमेरिकेतलं रोप. तारीख 23 जून 1806. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या ल्युईस आणि क्लार्कच्या मोहिमेतली अशी वाळवलेल्या रोपांची दोनशेच्या वर शीट्स फिलाडेल्फियात जपून ठेवलीत.

मेरिवेदर ल्युईस बॉटनिस्ट नव्हता, आर्मीतला कॅप्टन होता. अमेरिकेचे प्रेसिडेंट जेफरसन यांनी पार पॅसिफिकपर्यंत जायला सांगितलं, तेव्हा 1803 मध्ये प्रोफेसर बार्टन यांच्याकडे रोप दाबायचं कसं, वाळवायचं कसं, लेबलवर काय लिहायचं एवढं घाईघाईत शिकून घेतलं आणि निघाला. पुढे होड्या, घोडे, पाऊस, आणि या सगळ्यात टिपकागद कोरडे ठेवायचे. मिसुरी नदीवरच्या ग्रेट फॉल्स धबधब्यांजवळ जमिनीत पुरून ठेवलेली रोपं तर नदीचं पाणी शिरून वाया गेली, परतताना जुलै 1806 मध्ये खड्डा उघडला तेव्हा कळलं.

पण हे कॅमस त्याला दाखवलं कुणी? सप्टेंबर 1805 मध्ये बिटररूट डोंगर उतरून ही माणसं उपाशीपोटी आयडाहोतल्या वीआइप प्रेअरीवर, म्हणजे मोठ्या गवताळ कुरणावर, पोचली आणि तिथल्या मूळ रहिवासी नेझ पर्स लोकांनी त्यांना जेवू घातलं, सॅमन आणि हाच कंद.

आता कंद काढणाऱ्या नेझ पर्स बायांचे हे हात बघा. टोकदार काठी जमिनीत घालायची, माती सैल करायची, मोठा कंद घ्यायचा, बारका परत मातीत. याच कुरणात याच्यासारखाच एक विषारी कंद उगवतो, त्याची फुलं पांढरट, आणि फुलं गळून गेल्यावर ओळखणं फार अवघड, म्हणून बाया फुलं असतानाच नजर ठेवतात. मग खड्डा, त्यात लाकडं, वर दगड, दगड लाल होईपर्यंत जाळ, त्यावर गवत, कंद, परत गवत, वरून माती. कच्च्या कंदातलं इन्युलिन नावाचं पिष्टासारखं द्रव्य माणसाला पचत नाही, तासन्‌तास मंद आचेवर राहिलं की त्याची साखर होते, कंद काळपट आणि गोड. ही खरी केमिस्ट्री, आणि ती या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलीय. जून 1806 मध्ये ल्युईसनं हे सगळं डायरीत सविस्तर उतरवून घेतलं, आणि छान उतरवलंय, पण ज्ञान त्यांचं होतं.

पुढे फ्रेडरिक पर्श या बॉटनिस्टनं यातली काही रोपं लंडनला नेली आणि मोहिमेतल्या रोपांची शास्त्रीय नावं छापली, कॅमसच्या नावात नेझ पर्सांच्या शब्दावरून आलेला ‘क्वामाश’ तेवढा राहिला. अमेरिकन सरकारबरोबरच्या 1863 च्या करारात नेझ पर्सांची बहुतेक जमीन गेली, 1877 मध्ये त्यांचं अमेरिकन सैन्याशी युद्ध झालं, पुष्कळ कुरणांवर नांगर फिरला.

ही वीआइप, जून महिना, सकाळ. ल्युईसनं लिहिलंय की लांबून बघितलं तर ही निळी फुलं नितळ पाण्याची तळी वाटतात. थोडा वेळ नुसतं बघा.