पिशवी उलटी करा

[दृश्य : नागपूरचा गोकुळपेठ बाजार, सकाळ. शटर वर जातं.]

शटर पुरतं वर जायच्या आतच खालून दुकानाचं मांजर बाहेर पडलं. भाजीवाल्यांचे ठेले आत्ता कुठे लागताहेत, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पाणी मारणं चाललंय. आणि या बाजूला, जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या कुत्र्यांच्या खाद्याच्या पिशव्यांवरून वीसेक कुत्री एकाच वेळी आपल्याकडे बघताहेत. लॅब्राडोर आहे, पग आहे, बर्फात राहणारा हस्कीसुद्धा आहे. गावठी एकही नाही. असो.

[दृश्य : पिशवीची दर्शनी बाजू, अगदी जवळून.]

भाजलेली तंगडी. गाजराचे काप. हिरवेगार वाटाणे. ही बाजू जाहिरातवाल्यांची. मागची बाजू कारखान्याची, आणि ती कुणी वाचावी अशी कारखान्याची फारशी इच्छा दिसत नाही. अक्षरं मुंगीएवढी, त्यातली निम्मी शिवणीच्या घडीत गेलेली.

[दृश्य : हात पिशवी उलटी करतो. बोट ओळीवरून फिरतं.]

मका. चिकन मील, म्हणजे कोंबडीची वाळवलेली भुकटी. तांदळाचा कोंडा. सोयाबीन मील. मक्याचं ग्लुटेन. कोंबडीची चरबी. बीटचा चोथा. मीठ. मिठानंतर गाजर, पालक, आणि मग जीवनसत्त्वांची लांबलचक माळ.

ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. ज्याचं वजन सगळ्यांत जास्त, तो जिन्नस पहिला. म्हणजे पुढच्या बाजूला मान तंगडीचा आणि मागच्या बाजूला मक्याचा.

[दृश्य : कळमना मार्केट यार्ड. सोयाबीनचे ढीग, पोती, हमाल, काटा.]

यातले बरेच जिन्नस नागपूरच्या माणसाच्या ओळखीचे आहेत, इंग्रजी नाव घेतल्यामुळे तेवढे ओळखू येत नाहीत. हे कळमना. या सोयाबीनचं तेल निघालं की मागे ढेप उरते. पिशवीवरचं सोयाबीन मील ते हेच. ढेप म्हटलं की आपल्याला गाय-म्हैस आठवते, पण ती कुत्र्याच्या ताटलीतही कधीची येऊन बसली आहे. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये तांदूळ पांढरा करताना जो तेलकट कोंडा निघतो, तो राइस ब्रान. तुटकी कणी म्हणजे ब्रोकन राइस. मक्यातलं पिष्ट काढून घेतलं की प्रथिनांचा पिवळा भाग राहतो, ते ग्लुटेन.

यात वाईट काही नाही. कुत्रा पिष्ट पचवतो. पिष्ट फोडणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रती त्याच्याकडे लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवलं. माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षं भाकरतुकडा खाल्ला, तो असा अंगी लागला. आमचं भांडण मक्याशी नसून तंगडीच्या चित्राशी आहे.

[दृश्य : स्वयंपाकघर. वजनकाटा. काट्यावर चिकन : १०० ग्रॅम.]

आता दुसरी पिशवी, पहिलीच्या दुपटीने महाग. हिच्यावर पहिलंच नाव ‘ताजं चिकन’. वाचून बरं वाटतं. म्हणून आम्ही घरचा काटा काढला. हे १०० ग्रॅम बोनलेस चिकन, बारीक चिरून ओव्हनमध्ये, मंद आचेवर, पार कोरडं होईपर्यंत.

[दृश्य : ओव्हन, घड्याळाचे काटे वेगात. समोर कुत्रा बसलेला.]

चार तासांचं काम तुम्ही वीस सेकंदांत बघताय. आमचा शेरू मात्र चारही तास असाच बसून होता.

[दृश्य : काटा. २७ ग्रॅम.]

२७ ग्रॅम. बाकी सगळं पाणी होतं, उडून गेलं. पण यादीतली वजनं धरली जातात ती शिजवण्याआधीची, या पाण्यासकट. मका, तांदूळ, वाटाणा आधीच कोरडे. त्यांच्यात पाणी १०-१२ टक्के. तेव्हा पहिल्या नंबरावरचं ताजं चिकन कारखान्यातून वाळून बाहेर पडेपर्यंत तिसऱ्या-चौथ्या नंबरावर घसरलेलं असू शकतं. आणि ज्याचं नाव ऐकून आपण नाक मुरडतो ते चिकन मील मुळातच कोरडं. पाणी आणि बरीचशी चरबी काढून घेतलेलं. मांसातून किती प्रथिनं मिळतात हे पाहायचं, तर दुसऱ्या नंबरावरचं मील पहिल्या नंबरावरच्या ताज्या चिकनला मागे टाकू शकतं. दुप्पट पैसे मोजताना हे आठवलेलं बरं.

[दृश्य : ओट्यावर दोन वाट्या. एकीत चिकन, दुसरीत मका. मका तीन लहान वाट्यांत वाटला जातो.]

दुसरी हातचलाखी याहून सोपी. मक्याची ही मोठी वाटी. चिकनची जरा लहान. यादीत मका पहिला येणार. आता हाच मका तीन वाट्यांत वाटा आणि तीन नावं द्या : मका, मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन. बघा, चिकनची वाटी सगळ्यांत मोठी झाली. खोटं कुणीच बोललं नाही. वाचताना एका पिकाची सगळी नावं आपणच मनात एकत्र करायची. वाटाण्याचंही तसंच : वाटाणा, वाटाण्याचं पिष्ट, वाटाण्याची प्रथिनं, वाटाण्याची सालं.

काही पिशव्यांवर तर नावच नसतं. ‘धान्ये व धान्यांचे उपपदार्थ’ एवढंच. मका स्वस्त झाला की मका, कणी स्वस्त झाली की कणी, आणि छपाई बदलायची गरज नाही. एखाद्या कुत्र्याला कशाची तरी अ‍ॅलर्जी असेल, तर अशा पिशवीवरून ती कधीच शोधता येणार नाही.

[दृश्य : एकच गाजर, काट्यावर.]

आणि मीठ. खाद्यात मीठ साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. तेव्हा यादीत मिठाखाली जे जे आहे, ते त्याहूनही कमी. १५ किलोच्या पिशवीत एक टक्का म्हणजे १५० ग्रॅम. पिशवीवर गाजरं सात छापली आहेत, आम्ही मोजली. आतमध्ये महिनाभराच्या खाद्यात मिळून एक-दोन निघतील.

[दृश्य : पिशवीच्या पुढच्या बाजूचे शब्द एकामागून एक.]

शब्दांनाही वजन असतं. अमेरिकेत राज्याराज्यांच्या पशुखाद्य अधिकाऱ्यांची एक संघटना आहे, आफ्को. तिच्या नियमांप्रमाणे नावात ‘चिकन डिनर’ असेल तर चिकन निदान २५ टक्के लागतं. ‘विथ चिकन’ असेल तर ३ टक्के पुरतं. ‘चिकन फ्लेवर’ला नुसती चव ओळखता आली की झालं. आपल्याकडच्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्नाची व्याख्या करतानाच जनावरांचं खाद्य वगळलं आहे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे मानक कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आहे. पुढे.

[दृश्य : सावजी हॉटेल. भगुणं, तर्री, वाढणारा हात.]

थांबा, हा शॉट चुकून आलेला नाही. पिशवीवर ‘मांसाचे उपपदार्थ’ हा शब्द वाचला की लोक पिशवी खाली ठेवतात. उपपदार्थ म्हणजे काय? काळीज, फुप्फुस, गुर्दा, तिल्ली, आतडी. नागपुरात हेच सावजीच्या टेबलावर आलं की आपण त्याला सुंदरी म्हणतो, खूर मागवतो, मुंडी सांगतो आणि घाम पुसत दुसरी भाकर मागतो. कुत्र्याला मात्र निव्वळ छातीचं मांस हवं, असं आपणच ठरवून टाकलंय. काळजात जीवनसत्त्वं आणि लोह मांसापेक्षा जास्त. उपपदार्थ कोणत्या प्राण्याचे, एवढं विचारा. ‘कोंबडीचे’ असं लिहिलं असेल तर ठीक. नुसतं ‘प्राणिज’ असेल तर प्राणी कोणता हा प्रश्न उरतोच.

[दृश्य : रस्त्याकडेला मक्याचे पोंगे काढणारं यंत्र. धडधड. नळीतून पोंगा बाहेर.]

कुत्र्याचे दाणे कसे बनतात, ते या पोंगेवाल्याकडे बघून समजेल. तत्त्व तेच, यंत्र मोठं. वरून भरड पडते. आत स्क्रू फिरतो, तो तिला दाबत, घासत, तापवत पुढे ढकलतो. कुत्र्याच्या खाद्यात इथे वाफ आणि पाणीही सोडतात, त्यामुळे आतला लगदा शिजतो. टोकाला बारीक भोक. एवढ्या दाबातून लगदा मोकळ्या हवेत आला की त्यातल्या पाण्याची एका झटक्यात वाफ होते आणि तो फुगतो. बघा, परत एकदा बघा. भोकाशी पातं फिरत असतं. भोक हाडाच्या आकाराचं केलं की दाणा हाडाच्या आकाराचा. लाल-हिरव्या रंगाचं कौतुक आपल्याला. कुत्र्याला लाल आणि हिरवा हे नीट वेगळे दिसतही नाहीत.

या एका यंत्रामुळे यादीतल्या तीन गोष्टींचा उलगडा होतो. पहिली, पिष्ट. पिष्टाशिवाय दाणा फुगत नाही, धरून राहत नाही. म्हणूनच धान्य नाही असं मिरवणाऱ्या पिशवीत वाटाणा, मसूर नाहीतर बटाटा येतो. अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. ठाम निष्कर्ष निघाला नाही. दुसरी, चरबी. दाणे वाळवून झाल्यावर चरबी वरून फवारतात. तिसरी, चव. चरबीसोबत ‘डायजेस्ट’ नावाचा मांसाचा पातळ अर्क मारतात. पिशवी फोडल्याबरोबर जो वास येतो, तो या फवाऱ्याचा.

[दृश्य : पिशवीवरचा टक्केवारीचा चौकोन. प्रयोगशाळेतला काचेचा चंबू.]

आता आकडे. क्रूड प्रोटीन, किमान इतकं. क्रूड फॅट, किमान. क्रूड फायबर आणि ओलावा, कमाल. क्रूड म्हणजे हलकं नव्हे, मोजायची पद्धत ढोबळ. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये प्रथिनांची पद्धत शोधली. पदार्थातला नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचा. येईल ते प्रथिन. पण नायट्रोजन चामड्यात असतो, पिसांतही असतो. आकडा तेवढाच येईल, पचेल मात्र फार थोडं. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन मिसळून हा आकडा फुगवलेला सापडला. हजारो कुत्री-मांजरं आजारी पडली, मूत्रपिंडं निकामी होऊन कित्येक मेली.

[दृश्य : ओलं पाकीट कापून ताटलीत. शेजारी कोरडे दाणे.]

ओल्या पाकिटावर प्रथिनं ८ टक्के. कोरड्यावर २२. ओलं फसवं वाटतं ना? पाकिटात ओलावा ८० टक्के. म्हणजे सुका ऐवज २०, त्यातले ८. शंभराला ४० झाले. कोरड्यात ओलावा १०, सुका ऐवज ९०, त्यातले २२. शंभराला साधारण २४. आफ्कोच्या मापाने, पाणी वगळून, मोठ्या कुत्र्याला निदान १८ हवेत, पिल्लाला २२.५. पिष्टाचा आकडा बहुधा छापलेलाच नसतो. चौकोनातले सगळे आकडे आणि राखेचे, म्हणजे जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचे, सातेक टक्के शंभरातून वजा करा, उरतं ते बहुतेक पिष्ट. शेरूच्या पिशवीत ते निम्म्याच्या आसपास आलं.

[दृश्य : मे महिना. दुपार. टिनाच्या छताचं दुकान. तोंड उघडं पोतं, त्यात मग.]

“सुटं देऊ की पॅक?” हा प्रश्न नागपुरातल्या किती दुकानांत आम्हाला विचारला गेला! सुटं म्हणजे १५-२० किलोचं पोतं फोडून पारदर्शक थैलीत एक-एक किलो. आत्तापर्यंत दहा मिनिटं आपण जे वाचायला शिकलो, ते सगळं त्या फोडलेल्या पोत्याबरोबर दुकानातच राहिलं. घटक नाहीत, तारीख नाही, बॅच नंबर नाही.

आणि बाहेर ४५ अंश. दाण्यावरची ती फवारलेली चरबी हवा, उजेड आणि उष्णता लागली की खवट होते. ती टिकावी म्हणूनच यादीत बीएचए, बीएचटी ही कृत्रिम रसायनं किंवा टोकोफेरॉल असतं. टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्वाचं घराणं. सौम्य, पण तितकं टिकाऊ नाही. एथॉक्सिक्विन नावाच्या आणखी एका रसायनाला युरोपने २०१७ मध्ये पशुखाद्यातून बाहेर काढलं. पण यातलं कुठलंही रसायन बंद पिशवीच्या हिशेबाने घातलेलं असतं, मे महिन्यातल्या उघड्या पोत्याच्या नव्हे. आम्हीही दोन वर्षं सुटंच आणत होतो. एका उन्हाळ्यात शेरू आठवडाभर जुलाबाने पडून होता. खाद्यामुळेच, असं डॉक्टरांनी म्हटलं नाही. आम्ही मात्र सुटं आणणं सोडलं.

[दृश्य : फुटाळ्याकडचा रस्ता, संध्याकाळ. स्कूटरवर काकू, मागे पत्र्याचा डबा. पाच-सहा गावठी कुत्री धावत येतात.]

या काकू रोज सहाला येतात. बंद पिशवी घेतात, स्वस्तातली. पहिलं नाव मका, दुसरं चिकन मील. त्यांना यादी वाचून दाखवली तर म्हणाल्या, “माहीत आहे नं बापा.”

[दृश्य : डब्याच्या झाकणाची आतली बाजू. जवळून.]

पिशवी फोडली की तिच्या मागच्या बाजूची ही पट्टी त्या कात्रीने कापतात आणि झाकणाला आतून चिकटवतात. घटक, तारीख, बॅच नंबर. जुन्या पट्टीवर नवी. थर झालाय चांगला.

[निवेदन इथे थांबवणे. दाणे ओतल्याचा आवाज, कुत्र्यांचं खाणं तसंच ठेवणे. संगीत नको.]