सैनिक आणि मदतकर्मी यांच्यातलं अंतर

श्रोतेहो, नमस्कार.

११ जुलै २०१६. दक्षिण सुदानची राजधानी जुबा. शहरात चार दिवस लढाई पेटलेली. दुपारी सरकारी सैन्यातले ऐंशी ते शंभर सैनिक ‘टेरेन’ नावाच्या निवासी आवारात घुसले. तिथे मदत संस्थांची माणसं राहत होती. एका स्थानिक पत्रकाराला सगळ्यांदेखत गोळी घातली गेली, अनेक स्त्रियांवर बलात्कार झाले. आत अडकलेले लोक फोन करत होते, संदेश पाठवत होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा तळ तिथून जेमतेम सव्वा किलोमीटरवर. त्या तळावर चीन, इथिओपिया, नेपाळ आणि आपल्या भारताच्या तुकड्या होत्या. त्यांच्यापैकी कुणीही तिथे पोहोचलं नाही.

पुढे नेदरलँड्सचे निवृत्त सेनानी पॅट्रिक कामार्ट यांनी चौकशी केली. अहवाल स्पष्ट होता. चारही देशांच्या तुकड्या एका हुकमाखाली काम करत नव्हत्या. त्यांना एकमेकांविरुद्ध जाणारे आदेश मिळत होते. लष्कर, पोलीस आणि मुलकी अधिकारी आपापल्या खोल्यांत आपापला निर्णय घेत होते. शांतिसेनेचे केनियन प्रमुख पदावरून गेले. भारताचं नाव त्या अहवालात आहे आणि ते मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या शांतिसैनिकांचा आपल्याला अभिमान आहे. तो असावाच. अभिमान बाळगणाऱ्यांनी हेही ऐकलं पाहिजे.

त्याच दक्षिण सुदानमध्ये आपल्या माणसांनी जीवही दिला आहे. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेई प्रांतात राष्ट्रसंघाच्या ताफ्याला सोबत करताना पाच भारतीय सैनिक मारले गेले. त्यांच्याबरोबर सात मुलकी माणसंही गेली, त्यांतली पाच साधी कंत्राटी कामगार. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबोच्या छोट्या तळावर हजारोंचा सशस्त्र जमाव चालून आला. तळात आसरा घेतलेल्या डिंका जमातीच्या लोकांना वाचवण्याच्या प्रयत्नात दोन भारतीय जवान धारातीर्थी पडले. म्हणजे धाडसाची कमतरता हे जुबातल्या त्या दुपारचं उत्तर होऊ शकत नाही. कमतरता होती ती आधीच ठरवलेल्या गोष्टींची. संकटात कुणाचा फोन कुणी उचलायचा, कुणी कुणाला विचारायचं, आणि विचारत बसायची वेळच नसेल तर कुणी निघायचं?

सैनिक आणि मदतकर्मी एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. मदतकर्म्याकडे बंदूक नसते, आणि हेच त्याचं संरक्षण असतं. दोन्ही बाजूंना पटलं पाहिजे की हा माणूस तांदूळ, औषध, पाणी याशिवाय काही आणत नाही. तो रोज लष्करी गाडीतून उतरू लागला की गावातला बंदूकवाला ते लक्षात ठेवतो. म्हणून सशस्त्र सोबत हा शेवटचा उपाय, असा मदत संस्थांचा जुना दंडक आहे. पण दक्षिण सुदानमध्ये पावसाळ्यात आपल्या विदर्भातल्या रानासारखी काळी चिकण माती सगळे रस्ते गिळून टाकते. उरलेल्या वाटांवर दरोडे पडतात. मग काही वेळा लष्कराशिवाय ताफा हलतच नाही. कधी सोबत जायचं आणि कधी मुद्दाम दूर राहायचं, हे ठरवणं हाच नागरी-लष्करी समन्वय. दूर राहणंही त्यात येतं, हे पुष्कळदा विसरलं जातं.

डिसेंबर २०१३ मध्ये गृहयुद्ध पेटलं तेव्हा जीव वाचवण्यासाठी हजारो लोक राष्ट्रसंघाच्या तळांच्या दारांशी आले. दारं उघडली गेली. माझ्या मते हा शांतिसेनेच्या इतिहासातला फार मोठा निर्णय होता. पुढे तळांतल्या माणसांचा आकडा दोन लाखांवर गेला. लष्करी तळाचं असं शहर झालं की शौचालयं, पाणी, कॉलऱ्याची धास्ती, शिधावाटप, सगळंच आलं. कुंपणावर सैनिक, आत राष्ट्रसंघाचे पोलीस, छावणीची व्यवस्था मदत संस्थांकडे. आणि रोजची सर्वांत अवघड गोष्ट कोणती, तर सरपण! बायका जळणासाठी कुंपणाबाहेर जात आणि तिथे त्यांच्यावर हल्ले होत. गस्त होती. पण गस्त दुपारी आणि बायका पहाटे निघणार असतील, तर त्या गस्तीचा काय उपयोग? ती वेळ सैनिकाला आपणहून कळत नाही. ती छावणीत बायकांशी बोलणाऱ्या कार्यकर्तीला माहीत असते. ती माहिती गस्तीच्या तुकडीपर्यंत पोहोचवणारं कुणीतरी लागतं.

अशीच एक छावणी असलेल्या बेन्टिऊ शहराजवळ २०१८च्या नोव्हेंबरमध्ये हे फार कठोरपणे दिसलं. शिधा आणायला पायी निघालेल्या बायकांवर आणि मुलींवर वाटेत हल्ले झाले. दहा दिवसांत १२५ जणी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या दवाखान्यात उपचारासाठी आल्या. त्यानंतर शांतिसेनेने गस्त वाढवली, रस्त्याकडेची दाट झुडपं कापली. शिधावाटप वस्त्यांच्या जवळ नेण्याचं जागतिक अन्न कार्यक्रमाने हाती घेतलं. नीट पाहिलं तर यातला एक उपाय सैनिकांचा आणि एक शिधा वाटणाऱ्यांचा. कुठलाही एकटा पुरला नसता. दुःख याचं, की हा विचार १२५ जणींच्या आधी व्हायला हवा होता.

चांगलं घडल्याचंही सांगायला हवं. २०२१ पासून बेन्टिऊ भोवती पूर साचला तो ओसरेचना. सभोवतालचं पाणी छावणीच्या जमिनीपेक्षा वर. आत लाखाच्या आसपास माणसं. तिथे पाकिस्तानी शांतिसैनिकांच्या इंजिनिअर तुकडीने यंत्रांनी बांध घातले. मदत संस्था आणि रहिवासी फावडी घेऊन त्यांच्यासोबत राबले. त्या काळात शांतिसेनेचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर. भारतीय सेनापती आणि पाकिस्तानी इंजिनिअर एकाच बांधासाठी काम करत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली गेली नाही. कोणी तरी सांगायला हवी होती.

अशा कामासाठी एक वेगळा माणूस लागतो. वर्दीवाल्यांच्या बैठकीत मदत संस्थांची बाजू मांडणारा, मदत संस्थांच्या बैठकीत लष्कराची अडचण सांगणारा, आणि कोणती माहिती कुणाला द्यायची नाही हेही जाणणारा. रुग्णालय कुठे आहे हे लष्कराला कळलं पाहिजे, पण रुग्ण कोण आहे हे कळता कामा नये. हा समन्वय अधिकारी वर्षभर दोन्हीकडे चहा पीत फिरला असेल, तरच गोळीबार सुरू झाल्यावर त्याचा फोन उचलला जातो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पैशांअभावी जगभरातल्या शांतिसैनिकांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने कमी करण्याचं राष्ट्रसंघाने जाहीर केलं. सैनिक कमी झाले की उरलेल्यांच्या गस्तीची वेळ आणि वाट आणखी अचूक लागेल. भारत शांतिसैनिक देणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे, आपल्या शब्दाला न्यूयॉर्कमध्ये वजन आहे. कपातीची यादी तयार होईल तेव्हा समन्वय अधिकाऱ्यांची पदं तिच्यात पहिल्या पानावर नसावीत, हे आपल्या प्रतिनिधींनी तिथे ठामपणे मांडावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.