हिऱ्यांचं शहर आणि जुन्या नोटा

श्रोतेहो, नमस्कार.

आज जाऊ या मध्य आफ्रिकेतल्या काँगोत, किन्शासा राजधानी असलेल्या. कासाई भागातलं म्बुजी-मायी हे शहर. नाव कानात राहू द्या, म्बुजी-मायी. जमिनीखाली हिरे, आणि वर लाखो माणसं, ज्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात विजेचा दिवा नाही.

इथले हिरे बहुतांशी औद्योगिक. अंगठीतले नव्हेत, यंत्रांत कापायला-घासायला लागणारे. भाव कमी. खाण ‘मिबा’ या कंपनीची, त्यात मोठा वाटा सरकारचा. १९६० च्या यादवीत इतर प्रांतांतून हुसकलेले लुबा लोक, म्हणजे मूळचे कासाईचेच, इथे आले, १९९२-९३ मध्ये शेजारच्या कटांगा प्रांतातून हाकललेले पुन्हा आले. १९८२ साली देशाचे तेव्हाचे हुकूमशहा मोबुटू यांनी सर्वांनाच हिरे खणायची मुभा दिली होती, त्यामुळे शेत सोडून, शाळा सोडून माणसं खड्ड्यांत उतरली. बिदियासाठी, म्हणजे रोजच्या उकडीसाठी लागणारं पीठही मग विकतचं झालं.

आता ती गोष्ट, जी सांगायला मी आज इथे बसलो आहे.

१९९२ च्या अखेरीस मोबुटूंनी पन्नास लाख झाईरची नोट काढली. झाईर हे तेव्हाचं तिथलं चलन. एकच नोट, पन्नास लाखांची! विरोधी नेते आणि तेव्हाचे पंतप्रधान एतिएन चिसेकेडी, हे कासाईचे. त्यांनी सांगितलं, ही नोट घेऊ नका. जानेवारीत सैनिकांना पगार याच नोटांत मिळाला, दुकानदार ती घेईनात, आणि किन्शासात सैनिकांनी लुटालूट केली. त्या धुमश्चक्रीत फ्रान्सचे राजदूतही मारले गेले.

मग ऑक्टोबर १९९३. सरकारने नवं चलन आणलं, तीस लाख जुन्या झाईरला एक नवा झाईर. बाकीच्या देशाने बदलून घेतलं. कासाईने? नाही घेतलं. व्यापारी म्हणाले नाही, पीठ विकणाऱ्या बाया म्हणाल्या नाही. जुन्याच नोटा चालतील! पुन्हा सांगतो, सरकारने रद्द केलेल्या नोटा कासाईने चालू ठेवल्या. महिना-दोन महिने नव्हे, १९९८ पर्यंत. नोटा मळल्या, फाटल्या, गठ्ठ्यांनी मोजाव्या लागल्या, तरी चालल्या. कारण साधं होतं. जुन्या नोटा आता कुणी छापत नव्हतं, किन्शासातलं छापखान्याचं यंत्र त्यांची किंमत खाऊ शकत नव्हतं. १९९४ मध्ये देशातली महागाई वीस हजार टक्क्यांच्या वर गेली, आणि कासाईत भाव त्या मानाने कितीतरी सावकाश चढले. एकाच देशात दोन बाजार, दोन पैसे! ज्या शहराच्या हिऱ्यांवर राजधानी पोसली गेली, त्याने राजधानीचा कागद नाकारला. मला त्या माणसांचा फार अभिमान वाटतो.

जाता जाता एक सांगतो. आफ्रिकेची बातमी आपल्याकडे गोळीबाराची येते, पिठाच्या भावाची येत नाही. खरं तर रेडिओने बाजारभाव पुन्हा सविस्तर द्यायला हवेत, आपल्या कांद्या-तुरीचेसुद्धा. घर भावावर चालतं. पूर्वी बाजारभाव लागले की घरात कुणी बोलत नसे!

असो. ३० जून १९९८ ला काँगोली फ्रँक हे आणखी एक नवं चलन आलं, एक लाख नव्या झाईरला एक फ्रँक, आणि कासाईने ते स्वीकारलं. पण खाण सावरली नाही. मोबुटूंच्या काळात पैसा उपसला गेला, पुढच्या युद्धातही उपसला गेला, यंत्रं जुनीच राहिली, आणि २००८ च्या अखेरीस मिबाचं काम थांबलं. नंतर सुरू झालं ते रखडत. चोरून मिबाच्या हद्दीत शिरणाऱ्या तरुणांवर पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, कित्येक मेले. बाकीचे हाताने खणतात, नदीत गाळतात, आणि सापडलेला खडा दलाल सांगेल त्या भावाला देतात. पुढे तो अँटवर्पला, दुबईला, आपल्या सुरत-मुंबईच्या बाजारातही पोचतो. तिथे त्याला काय मिळतं, हे खणणाऱ्याला कळत नाही. त्याला तो भाव रोज, त्याच्या त्शिलुबा भाषेत, सकाळी खड्ड्यावर निघण्याआधी रेडिओवर ऐकू यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

नमस्कार.